रांग रिपोर्टसाठी असू दे, मदतीसाठी नको

"अगं, मुलगे बोलायला जरा उशीरच करतात. तू उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस."

हे वाक्य माझं आहे. धाकट्या बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा माझा भाचा वीस महिन्यांचा होता. हाक मारली तर वळायचा नाही. दुसऱ्या खोलीत आवडती जाहिरात लागली की मात्र धावत सुटायचा. हवी असलेली वस्तू बोटाने दाखवायचा नाही. माझं मनगट धरून मला कपाटापाशी न्यायचा आणि माझा हात वर ढकलायचा. चेहऱ्याकडे बघायचा नाही, जणू तो हात कुणाचा नसून एक अवजारच. आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरायचे, केवढं डोकं चालतं बघा! बहिणीला आतून कळत होतं. आम्ही शहाण्यांनी तिला गप्प केलं.

सहा महिने माझ्या सल्ल्यात गेले. मग एका डॉक्टरांनी आणखी थोडं थांबायला सांगितलं. अडीच वर्षांचा झाल्यावर त्याचं नाव ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) असेसमेंटच्या वेटिंग लिस्टमध्ये लागलं आणि नंबर आला अकरा महिन्यांनी. मधल्या काळात जिथे जिथे थेरपीसाठी विचारलं, तिथे एकच उत्तर मिळालं: आधी रिपोर्ट आणा.

माझं भांडण आहे ते या 'आधी'शी.

एम-चॅट नावाची प्रश्नावली आहे. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी, हो-नाही उत्तरांचे वीस प्रश्न. मूल बोटाने काही दाखवतं का, हाकेला ओ देतं का, असे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी तपासणी करा असं सांगते. दोन वर्षांच्या सुमारास अनुभवी तज्ज्ञ बऱ्याच मुलांचं खात्रीचं निदान करू शकतात. तरी त्याच देशात सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२५च्या अहवालात निदानाचं मध्यक वय (निम्म्या मुलांचं निदान त्याआधी, निम्म्यांचं नंतर) ४७ महिने निघालं. म्हणजे जवळजवळ चार वर्षं. साधनं आहेत, माणसं आहेत, आणि तरी मधली दोन वर्षं कुठेतरी गळून जातात.

तज्ज्ञ कमी आहेत, असेसमेंट काळजीपूर्वक व्हायला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. रिपोर्ट घाईत करूच नका. पण मदतीचं दार त्या रिपोर्टलाच का बांधलं आहे? मुलाला आज समोरच्याला काही सांगता येत नाही, ही अडचण आजची आहे. तिला नाव मिळण्याची वाट कशाला बघायची? एम-चॅटमध्ये शंका आलेल्या काही मुलांना पुढे ऑटिझम नसल्याचं दिसतं, खरं आहे. पण त्यातल्या बऱ्याच जणांना भाषेची किंवा विकासाची दुसरी अडचण असते. त्यांनाही मदत लागतेच. आणि ज्यांना काहीच नसेल त्यांचं काय बिघडलं? आई-बाबा चार महिने जास्त खेळले!

हे मी नुसतं तावातावाने म्हणत नाही. ब्रिटनमध्ये 'पॅक्ट' नावाची पद्धत १५२ लहान ऑटिस्टिक मुलांच्या घरच्यांबरोबर करून पाहिली. थेरपिस्ट पालक आणि मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढतो, मग दोघं बसून तो बघतात: इथे त्याने तुझ्याकडे पाहिलं, तू तेव्हा काय केलंस? २०१०मध्ये पहिले निकाल आले ते माफकच होते. पण मुलं स्वतःहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली होती, आणि सहाएक वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. पुढे भारत आणि पाकिस्तानात हीच पद्धत जुळवून घेतली. तिथे ती शिकवली प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी, मोठ्या पदव्यांच्या तज्ज्ञांनी नव्हे. पालकांच्या प्रतिसादात तिथेही फरक पडला. तज्ज्ञ कमी आहेत या सबबीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आम्हालाही अशी एक भली बाई भेटली. स्पीच थेरपिस्ट. रिपोर्ट न मागता तिने चार वेळा सेशन घेतलं. बहिणीला म्हणाली, "जमिनीवर त्याच्या समोर बसा. प्रश्न विचारू नका. तो गाडीचं चाक फिरवतोय ना, तुम्हीही फिरवा. मग थांबा. मनात दहा आकडे मोजा." दहा आकडे गप्प बसणं आमच्या घरात किती कठीण, ते विचारू नका. तिसऱ्या आठवड्यात बहीण थांबली तेव्हा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पुढे काय, असं. तो फोन मला रात्री साडेअकराला आला.

एक सांगते. लवकर मदत म्हणजे मुलाला चारचौघांसारखं करून दाखवणं नव्हे. तो आजही चाकं फिरवतो, फिरवू दे की. त्याला हवं-नको सांगता यावं, शब्दाने, चित्राने, टॅबलेटवर, कसंही. (चित्रं वापरली तर मूल बोलायचं राहतं, हीही एक अफवाच.) आणि रांगेत ताटकळलेल्या आई-बापांना गाठून 'मुळापासून बरं करतो' म्हणणारे आहेतच. रिकामा ठेवलेला वेळ त्यांनाच सापडतो.

अखेर असेसमेंट झालं तेव्हा भाचा ४१ महिन्यांचा होता. रिपोर्ट नऊ पानी आला. बहिणीने शेवटचं पान मला फोटो काढून पाठवलं, एका ओळीखाली पेनाने रेघ मारून. सल्ला क्रमांक एक: थेरपी विनाविलंब सुरू करावी.