कुशीवरचं मांजर

डिसेंबरात शेतात भरीत पार्टी झाली नाही, तर आमच्या धुळ्याकडे थंडी पडली असं कुणी मानत नाही. यंदा कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचं काम माझ्याकडे आलं. वांगी भाजली त्याहून जास्त मीच धुपलो. वर कळण्याच्या चार भाकरी, आणि रात्री गार वाऱ्यात गाडीवरून घरी.

तिसऱ्या रात्री आडवा झालो आणि छातीतून आवाज सुरू झाला. पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, "तुना छातीमा मांजर पाळेल शे का रे?"

बायको उठली. कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान फाडून तिनं सुरळी केली, एक टोक माझ्या पाठीला, दुसरं कानाला.

"उजवीकडे आहे."

मी डाव्या कुशीला वळलो.

"आता डावीकडे आलं. अहो, तुम्ही वळाल तिकडे खाली येऊन बसतंय ते!"

उठून बसलो, तर आवाज जवळजवळ बंद.

सकाळी डॉक्टरांपुढे स्टुलावर बसलो. हात समोर घडी घालायला लावले, म्हणजे खांद्याची पाती बाजूला सरकतात आणि पाठीवर ऐकायला मोकळी जागा मिळते. गारठलेला स्टेथोस्कोप टेकला. "तोंडानं मोठा श्वास घ्या." घेतला. छाती गप्प. घरी पोपटासारखं बोलणारं पोरगं पाहुण्यांसमोर मुकं होतं, तशी.

मग नाइलाजानं सुरळीची हकिकत सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "स्टेथोस्कोप असाच जन्मला. 1816 साली पॅरिसच्या लाएनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची सुरळीच केली होती." ही गोष्ट घरी सांगायची नाही, असं मी तिथेच ठरवलं.

त्यांनी मला टेबलावर आडवं केलं आणि मांजर लगेच बोललं.

"आडवं पडलं की पोट श्वासपटलाला, म्हणजे फुप्फुसांखालच्या पडद्याला, वर ढकलतं. फुप्फुसात हवा कमी मावते, धुरानं सुजलेल्या नळ्या आणखी चिंचोळ्या होतात, घरघर वाढते. कुशीवर वळलात की खालच्या फुप्फुसात हवा जास्त जाते, म्हणून आवाज तिकडे मोठा. पोट जरा..."

पोट हा शब्द दोनदा आला. मी मोजत होतो.

पंप मिळाला, तो घ्यायची रीत मिळाली, आणि बरं वाटेपर्यंत उशा रचून टेकून झोपायचा सल्ला. त्या रात्री तीन उशांना टेकून, मुंबईच्या रात्रीच्या एसटीत बसल्यासारखा मी झोपलो. मांजर चूप.

दोन वाजता पाठीला काहीतरी टोचलं. डोळे उघडले तर बायको, हातात सुरळी.

"आवाजच येईना, म्हणून बघत होते."

या खेपेला तिनं डिसेंबरचं पान फाडलं होतं. त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले होते. सकाळी दूधवाल्याशी वाद घालायला मलाच पाठवलं.