डोळा 576 मेगापिक्सेलचा नाही, 60 फ्रेमचाही नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. गोषवारा असा: मानवी डोळा म्हणजे 576 मेगापिक्सेलचा कॅमेरा. तो सेकंदाला जास्तीत जास्त 60 फ्रेम पाहतो, त्यामुळे 90 किंवा 120 हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारे, पडदे ही ग्राहकाची लूट आहे. आणि पडद्यांनी 576 मेगापिक्सेल गाठले, की व्हीआर हेडसेटमधलं, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या पडद्यातलं, आभासी जग आणि बाहेरचं जग यात फरक उरणार नाही. शाळेतली मुलं हे आकडे प्रकल्पाच्या वहीत उतरवून घेतात, म्हणून सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

‘डोळा 576 मेगापिक्सेलचा आहे’

हा आकडा हवेतून आलेला नाही. रॉजर क्लार्क या शास्त्रज्ञाचं ते गणित आहे. त्यांनी 120 अंश रुंद आणि 120 अंश उंच दृश्य धरलं. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला, दर 0.3 कलेला एक पिक्सेल लागेल असं मानलं. म्हणजे एका बाजूला 24,000 पिक्सेल, आणि 24,000 गुणिले 24,000 म्हणजे 57.6 कोटी. गुणाकार बरोबर आहे. पण त्या गणिताचा प्रश्न वेगळा होता: नजर त्या सगळ्या दृश्यावर फिरवली आणि कुठेही रोखली, तरी चित्र कमी पडू नये यासाठी किती पिक्सेल लागतील? फॉरवर्डमध्ये येईपर्यंत नजर फिरवण्याची अट गळून पडली आणि चित्राला लागणारा आकडा डोळ्याच्या नावावर चढला.

एका क्षणी डोळा किती बारीक पाहतो, ते इथेच तपासता येईल. या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवा आणि ती न हलवता चार शब्द पलीकडचा शब्द वाचून पाहा. तिथे काहीतरी छापलंय एवढं कळतं, अक्षरं लागत नाहीत. बारीक नजर दृष्टिपटलाच्या मधोमध, फोव्हिआ नावाच्या जेमतेम दीड मिलिमीटरच्या खळग्यात एकवटलेली असते. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याची रुंदी साधारण 2 अंश भरते. सर्वांत तीक्ष्ण दिसणारा भाग एवढाच. नजरेच्या रोखापासून 20 अंश बाजूला गेलात, तर तीक्ष्णता दहाव्या हिश्श्यावर येते. शिवाय बाहेरच्या बाजूला साधारण 15 अंशांवर, जिथून नस डोळ्याबाहेर पडते तिथे, प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. त्या नसेत तंतू असतात दहा-बारा लाख, तर प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी. सगळं दृश्य पिक्सेलमागे पिक्सेल मेंदूकडे जातं, हे इतक्या तंतूंत शक्यच नाही. नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते आणि मेंदू त्या तुकड्यांतून जग जुळवतो.

म्हणून या क्षेत्रातली माणसं एकूण पिक्सेल मोजत बसत नाहीत. ती विचारतात, दृश्याच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात? 6/6 नजरेला अंशाला 60 पिक्सेल पुरतात, असा जुना हिशोब आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजमधल्या मोजणीत काळ्या-पांढऱ्या तपशिलासाठी ही मर्यादा सरासरी 94 निघाली, पिवळ्या-जांभळ्यासाठी मात्र 53. आता 43 इंची टीव्ही घ्या. पडदा सुमारे 95 सेंटिमीटर रुंद. अडीच मीटरवरून तो साडेएकवीस अंश व्यापतो, म्हणजे साध्या फुल एचडीतसुद्धा (एका आडव्या ओळीत 1,920 पिक्सेल) अंशाला 89 पिक्सेल. त्या अंतरावर फोरकेने, म्हणजे ओळीत दुप्पट पिक्सेल घालून, बारकावा वाढल्याचं जवळजवळ जाणवणार नाही. उलट हेडसेटमध्ये तेवढेच, दोनेक हजार पिक्सेल शंभर अंशांवर ताणावे लागतात, की अंशाला उरतात 20. पिक्सेल तेवढेच, पण एक चित्र काचेसारखं स्वच्छ आणि दुसऱ्यात जाळी दिसते.

‘डोळा सेकंदाला 60 फ्रेमच पाहतो’

डोळ्यात फ्रेम नसतातच. पेशींचं काम अखंड चालू असतं, सगळ्यांनी एकदम फोटो काढावा असं कुठलंही घड्याळ तिथे नाही. मग 60 आला कुठून? लुकलुकणारा दिवा किती वेगाने लुकलुकला की स्थिर भासतो, या प्रश्नाचं ते ढोबळ उत्तर आहे. तेही पक्कं नाही: उजेड वाढला की ही मर्यादा वर सरकते, आणि डोळ्याच्या कडेला लुकलुक अधिक जाणवते. जुन्या काचेच्या मॉनिटरवर 60 हर्ट्झ ठेवून ज्यांनी काम केलंय त्यांना आठवेल, समोर पाहिलं तर पडदा शांत, मान वळवली की कोपऱ्यात थरथर.

सिनेमाच्या 24 फ्रेमचा दाखलाही दिला जातो. तो वेग बोलपट आले तेव्हा आवाजाची गरज आणि फिल्मचा खर्च यांचा मेळ घालून ठरला. प्रोजेक्टरचं शटर तर एकेक फ्रेम दोन-तीनदा दाखवायचं, कारण 24 ची लुकलुक सहन होत नव्हती.

शिवाय लुकलुक दिसली नाही, तरी तिचा परिणाम दिसतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतो. बल्ब स्थिरच वाटतो. त्याच्या उजेडात पेन्सिल झपकन हलवा: एक सलग पट्टा दिसायच्या ऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसतील. काळातला बदल जागेत उमटतो आणि तिथे डोळा तो पकडतो. वस्तू स्थिर असली तरी नजरेची उडी तेच करते. 2015 च्या एका प्रयोगात, बारीक कडा असलेल्या चित्रात 500 हर्ट्झची लुकलुकही लोकांना जाणवली होती.

‘90 हर्ट्झ म्हणजे लूट’

मला सर्वांत जास्त खटकतं ते हे विधान, कारण त्याची किंमत वापरणाऱ्याचं डोकं आणि पोट मोजतं. हेडसेट घालून मान सेकंदाला 60 अंश वळवा. हा वेग निवांतच आहे. समोरच्या खांबावर नजर टिकवायला डोळे आपोआप उलट दिशेला फिरतात. 60 हर्ट्झचा पडदा प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत पेटतं ठेवत असेल, तर तेवढ्या वेळात चित्र डोळ्यावरून एक पूर्ण अंश घसरतं. अंशाला 20 पिक्सेल, म्हणजे 20 पिक्सेलचा फराटा. उपाय असा, की चित्र फक्त 2 मिलिसेकंद पेटवायचं आणि बाकी वेळ पडदा काळा ठेवायचा. फराटा अडीच पिक्सेलवर येतो. पण काळा पडदा मध्ये आला की लुकलुक आली, आणि हेडसेटचं चित्र तर कडेपर्यंत पसरलेलं, जिथे ती जास्त जाणवते. म्हणून 60 पुरत नाही. 2016 मध्ये बाजारात आलेले ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे दोन्ही हेडसेट 90 हर्ट्झवर आले, ते याच कारणाने. मान हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ 20 मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याची धडपडही त्यातलीच; तो लांबला की कानातला तोल एक सांगतो, डोळे दुसरंच, आणि मळमळायला लागतं.

फोनवर मजकूर वाचायला 60 हर्ट्झ पुरतात, हे मी मान्य करेन. तो निकष हेडसेटला लावणं चूक आहे.

‘576 मेगापिक्सेल झाले की आभास पूर्ण’

गंमत म्हणजे इतके पिक्सेल रंगवायची गरजच नाही. नजर जिथे रोखली आहे तेवढाच भाग बारकाईने काढायचा आणि कडेचा ढोबळ ठेवायचा, हे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2012 मध्येच साध्या मॉनिटरवर करून दाखवलं होतं. 2023 चा प्लेस्टेशन व्हीआर 2 आणि 2024 चा अ‍ॅपल व्हिजन प्रो हे हेडसेट नजरेचा माग काढून तेच करतात.

आणि पिक्सेल कितीही वाढवले तरी एक अडचण तशीच राहते. हेडसेटच्या भिंगांमुळे चित्र ठरावीक अंतरावर, बहुधा दीड-दोन मीटरवर, असल्यासारखं फोकस करावं लागतं. समोर आभासी फुलपाखरू नाकापासून वीतभर अंतरावर आलं, की दोन्ही डोळे त्याच्याकडे आत वळतात, पण डोळ्यातल्या भिंगाला फोकस लांबच ठेवावा लागतो. जन्मभर जोडीने चालणाऱ्या या दोन हालचालींची फारकत झाली की डोळे शिणतात, नजर धूसर होते. यावर फोकसचं अंतर बदलणारे पडदे प्रयोगशाळांमध्ये तयार झालेत, पण दुकानात मिळणारे हेडसेट अजून बहुतांशी एकाच अंतराचे आहेत. तोवर हेडसेट घेताना बॉक्सवरच्या एकूण पिक्सेलपेक्षा अंशाला किती पिक्सेल, रिफ्रेश रेट (हर्ट्झ) किती आणि प्रत्येक चित्र किती मिलिसेकंद पेटतं, हे तीन आकडे विचारून घ्या.