पवना धरणात एकट्याने उतरायला सामान दिलं नाही, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. दिवाळीच्या सुट्टीसाठी तुम्ही आमच्या स्कूबा डाइव्हिंगच्या दुकानात हवा भरलेला एक सिलिंडर, रेग्युलेटर (त्यातली हवा तोंडात देणारा), बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) आणि वेट बेल्ट (शिशाच्या वजनांचा कमरपट्टा) भाड्याने बुक केला होता. घ्यायला आलात तेव्हा बोलता बोलता कळलं, की तुम्ही पवना धरणात एकटेच उतरणार आहात, पाण्याखालचं वाघेश्वराचं देऊळ बघायला. तिथे याआधी कधी उतरलेला नाहीत. आम्ही सामान दिलं नाही आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले. यावर तुम्ही लिहिलंय, की आम्ही आरटीओसारखी उलटतपासणी घेतली, स्वतःचं पॅकेज गळ्यात मारायला अडवणूक केली आणि समुद्रात डाइव्ह करणाऱ्या माणसाला तळ्याची भीती घातली.

उलटतपासणी घेतली, हे अगदी खरं. पुढेही घेऊ.

पॅकेजचं आधी उरकून टाकतो. पवनेत आम्ही कुणालाच नेत नाही, त्यामुळे गळ्यात मारायला तिथलं पॅकेजच नाही. धरण जलसंपदा विभागाचं आहे आणि पिंपरी-चिंचवडकरांचं पिण्याचं पाणी तिथून येतं. लेखी परवानगी आहे का, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "तिथे कोण बघतंय?" नेमकी तीच तर अडचण आहे सर. कोणीच बघत नसतं.

आता तळ्याबद्दल. लाटा नाहीत, करंट नाही, खारं पाणी नाही, म्हणजे समुद्रापेक्षा सोपं, असा तुमचा हिशोब. हा समज इतक्या जणांचा असतो की जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही आमच्याकडे सहा किलो शिसं मागितलंत, कारण मालवणला सहा किलो लावता. समुद्राच्या पाण्यापेक्षा गोडं पाणी साधारण अडीच टक्क्यांनी हलकं असतं. तुम्ही आणि अंगावरचं सामान मिळून शंभर किलो धरलं, तर गोड्या पाण्यात जवळजवळ अडीच किलो शिसं कमी लागतं. म्हणजे तुम्ही अडीच किलो जास्तीचं ओझं घेऊन अशा पाण्यात उतरणार होता, जिथे तळ किती खाली आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. वरून खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, वेटसूट चेपतो, तरंगण्याची ताकद आणखी कमी होते आणि उतरण्याचा वेग वाढतो. मालवणला अशा वेळी शेजारी डाइव्हमास्टर, म्हणजे सोबत उतरणारा अनुभवी गाईड असतो, तो बीसीडीच्या पट्ट्याला धरून थांबवतो. इथे तुम्हाला थांबवणार होता तो गाळ.

धरणाचा गाळ मालवणच्या वाळूसारखा लगेच खाली बसत नाही. फिनचा एक फटका त्यात बसला की पीठ उधळावं तसा तो वर येतो आणि पुढची कितीतरी मिनिटं तसाच लटकून राहतो. त्या वेळी खोली आणि वेळ दाखवणारा मनगटावरचा कॉम्प्युटर मास्कच्या काचेला टेकवला तरच आकडे वाचता येतात. आपण वर चाललोय की खाली, हे स्वतःच्या बुडबुड्यांवरूनही कळत नाही, कारण बुडबुडेच दिसत नाहीत. पावसाळ्यानंतर धरण तुडुंब भरलेलं असतं आणि डोंगरावरून आलेली माती अजून पाण्यात असते. नेमकी तीच वेळ तुम्ही निवडलीत.

त्या गाळाखाली काय आहे, हेही बघायला हवं. धरण होण्याआधी तिथे माणसं राहत होती. त्यांच्या शेतांचे बांध, घरांची जोती, विहिरी, झाडांचे बुंधे पाण्याखाली गेले. त्यावर मासेमारीची जाळी येऊन अडकतात, काही तुटून तिथेच राहतात. तंगूसचं (नायलॉनच्या पातळ धाग्याचं) जाळं पाण्यात डोळ्यांना दिसत नाही. ते कळतं ते सिलिंडरच्या व्हॉल्व्हला मागून अडकल्यावर, जिथे आपला हात पोचत नाही. सोबत कोणी असेल तर तो मागे येऊन दोन ठिकाणी कापतो आणि वर गेल्यावर आपण त्यावर हसतो. एकट्याने बीसीडी अंगातून काढायचा, तोंडातला रेग्युलेटर न सोडता तो पुढे फिरवायचा, जाळं चाचपत कापायचं आणि बीसीडी परत चढवायचा. हे सगळं न दिसणाऱ्या पाण्यात. तुमच्याकडे चाकू आहे का, असं आमच्या काउंटरवरच्या मुलाने विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. तो प्रश्न यासाठी होता.

करंटचं म्हणाल तर धरणात तो असतो, फक्त एका जागी. पाणी सोडण्याच्या तोंडाजवळ दाबातला फरक इतका असतो की माणूस तिथे ओढला गेला तर सुटत नाही, आणि जवळ जाईपर्यंत ती ओढ अंगाला जाणवत नाही. तोंड कुठे आहे, आज पाणी सोडणार आहेत का, हे धरणावरच्या माणसांना ठाऊक असतं. तुम्ही त्यांना विचारलेलं नव्हतं.

उंचीचा मुद्दा त्या मानाने किरकोळ. पवना समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे आणि ३०० मीटरच्या वर डाइव्हचे तक्ते, म्हणजे किती खोलीवर किती वेळ राहायचं याचे आकडे, बदलतात. बरेच कॉम्प्युटर हे सांभाळून घेतात, पण तुमच्या कॉम्प्युटरवर खाऱ्या पाण्याचं सेटिंग तसंच होतं. तेवढं बदलून तरी घ्या.

तुम्ही लिहिलंय की जगभर सोलो, म्हणजे एकट्याने डाइव्हिंगला मान्यता आहे आणि आम्ही मागासलेले आहोत. मान्यता आहेच, आणि मी सोलोच्या विरोधात नाही. एसडीआय आणि पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्था. एसडीआयने १९९९ मध्ये सोलो डायव्हरचा कोर्स आणला, पाडीचा सेल्फ-रिलायंट डायव्हर आहे. दोन्हीकडे कोर्सला बसायलाच आधी १०० नोंदवलेल्या डाइव्ह लागतात. तुमचं लॉगबुक तुम्हीच काउंटरवर उघडून दाखवलंत. चाळीसेक डाइव्ह, अंदमान, नेत्राणी आणि मालवण, आणि एकूण एक गाईडच्या मागे. त्यात कमीपणा काही नाही, आमचे बहुतेक ग्राहक तसेच आहेत. पण पाण्यात कुठून उतरायचं, कुठे वळायचं, कधी परतायचं, हे त्या चाळीस वेळा दुसऱ्या कोणीतरी ठरवलं होतं.

त्या कोर्समध्ये पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे हवेचा दुसरा, पूर्णपणे वेगळा साठा. तुम्ही एकच सिलिंडर मागितलात. आम्ही पोनी बॉटलचा, म्हणजे स्वतःचा रेग्युलेटर असलेल्या छोट्या जादा सिलिंडरचा विषय काढला तर रिव्ह्यूमध्ये तो "जास्तीचं भाडं काढायची युक्ती" झाला. हिशोब बघा: ३ लिटरची पोनी २०० बारला भरली तर ६०० लिटर हवा होते. १५ मीटरवर, जाळ्यात अडकून घाबरलेला माणूस मिनिटाला १०० लिटर सहज ओढतो. म्हणजे सहा मिनिटं. सुटून वर यायला तेवढी पुरू शकतात. मुख्य रेग्युलेटर बिघडला आणि पोनी नसेल, तर हातात असतो तो फक्त छातीतला श्वास.

आता देवळाबद्दल, कारण मला वाटतं मूळ हौस ती आहे, आणि हौस चांगली आहे. तुम्हाला वाघेश्वराच्या गाभाऱ्यात शिरून फोटो काढायचे होते. पाण्याखाली छताखाली जाणं ही सोलोच्याही पुढची गोष्ट. काही बिघडलं तर सरळ वर येता येत नाही, दार शोधावं लागतं, आणि आत शिरताना उडवलेल्या गाळात दार सापडत नाही. यासाठी वेगळं प्रशिक्षण असतं, परतीची दोरी असते, एकापेक्षा जास्त टॉर्च असतात. मुख्य म्हणजे हे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं. एप्रिल-मेमध्ये लोक तिथे चालत जातात, दर्शन घेतात, काळ्या दगडाला टेकून फोटो काढतात. आमचा पोहायला शिकवणारा मुलगा तर चपला हातात घेऊन गेला होता. पाण्याखाली जेवढं दिसलं असतं त्याच्या शंभरपट दिसेल, आणि आमच्याकडून काहीही भाड्याने घ्यावं लागणार नाही.

"हवा भरून द्यायला तुमचं काय जातं?" असंही तुम्ही विचारलंय. सिलिंडरचे पैसे सोडा. पवनेत कोणी बुडालं तर शोधायला आधी आसपासच्या गावातले लोक उतरतात, मग लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची मुलं येतात. त्याच गाळात, त्याच जाळ्यांत. तुम्ही एकटे जाणार होता, पण तुम्हाला शोधायला कोणी एकटं जात नाही.

काउंटरवरचा मुलगा उद्धट बोलला, असं तुम्ही लिहिलंय. मी तिथेच उभा होतो. तो "सर, हे आम्ही देणार नाही" एवढंच तीनदा म्हणाला, कारण तुम्ही तीनदा विचारलंत.

आमच्याकडून काय मिळेल तेही लिहून ठेवतो. पोहण्याच्या तलावात पोनी वापरण्याचा आणि जाळं कापण्याचा सराव करायचा असेल तर रविवारी सकाळी या, तलावाचं तिकीट तेवढं तुमचं. मालवणला आमच्या सोबत किंवा तुमच्या जोडीदारासोबत जाणार असाल तर सामान आजही मिळेल, मात्र डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून पुण्याला यायचं नाही (डाइव्हनंतर लगेच उंचीवर जाणं धोक्याचं), ही अट सगळ्यांना आहे. शंभर डाइव्ह आणि सोलोचा कोर्स झाल्यावर परवानगीचा कागद घेऊन आलात, तर कुठल्या पाण्यात उतरायचं यावर बसून बोलू.

पैसे त्याच दिवशी यूपीआयने परत पाठवलेत, स्क्रीनशॉट तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे. अजून जमा झाले नसतील तर दुकानाच्या नंबरवर कळवा, सोमवारी बँकेत विचारतो. मंगळवारी दुकान बंद असतं.

– दुकानमालक