क्रोम उडालेला ड्रम

माझ्याकडचा सगळ्यात लाडका ड्रम दिसायला सगळ्यात वाईट आहे. लुडविग या अमेरिकी कंपनीचा जुना सुप्राफोनिक, 400 नंबरचं मॉडेल, 14 इंची स्नेअर (खाली तारा ताणलेला, तडतडणारा ड्रम), 5 इंच खोल. अंगभर पुरळ उठल्यासारखे बारीक फोड. स्ट्रेनरच्या (त्या तारा ताणणाऱ्या खटक्याच्या) खाली क्रोमचा पापुद्रा सुटून आतलं राखाडी अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलंय, हात फिरवला की बोटाला खरखर लागते. तो तसा होता म्हणूनच मला परवडला.

क्रोम अ‍ॅल्युमिनियमवर नीट धरत नाही. ओल शिरली, घाम लागला, की आतून फोड येतात. साठच्या दशकातल्या या मॉडेलचे असंख्य ड्रम असेच आहेत. पण हा रोग कातडीवरचा. शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, अखंड आहे, जोड नाही, मधोमध गोल फुगवटा आहे, आणि आवाज येतो तो तिथून, हेड (वाजवायचा पडदा) जिच्यावर टेकतं त्या कडांमधून, दहा लगच्या (हेड ताणणारे स्क्रू ज्यांत बसतात त्या खुंट्यांच्या) ताणातून. लखलखीत सुप्राफोनिक आणि माझा पुरळवाला एकाच खोलीत, एकाच हेडने, एकाच ताणावर मी वाजवून पाहिलेत. डोळे मिटले की मला फरक सांगता येत नाही. किमतीतला फरक मात्र डोळे उघडे ठेवून मोजावा लागतो.

जुने ड्रम जमवणं हे पैसेवाल्यांचं काम, असं जो तो म्हणतो, आणि मला ते मनापासून खटकतं. महाग असतो तो चेहरा. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याने आवाजाला न लागणारी खोट शोधावी आणि आवाजाला लागणारी खोट टाळावी. मी इतकी वर्षं एवढंच करत आलोय.

त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे अ‍ॅक्रोलाइट. लुडविगने हा स्नेअर शिकाऊ मुलांसाठी काढला. शेल सुप्राफोनिकचाच, तेच अखंड अ‍ॅल्युमिनियम. फक्त वर क्रोम नाही, मंद रुपेरी अ‍ॅनोडाइझ्ड थर आहे, आणि लग दहाऐवजी आठ. क्रोमच नाही म्हटल्यावर ते उडायचा प्रश्नच नाही. पोरांनी शाळेच्या बँडमध्ये बडवलेले, हूपला (हेड दाबून धरणाऱ्या कड्याला) पोचे पडलेले, कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहिलेले अ‍ॅक्रोलाइट अजून निघतात. नवीन हेड, नवीन स्नेअर वायर, आणि एक संध्याकाळ साफसफाईला. पहिला जुना ड्रम कुठला घेऊ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच नाव सांगतो.

आता चेहऱ्याची किंमत. 9 फेब्रुवारी 1964 ला बीटल्स हा इंग्लिश बँड अमेरिकेत एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात दिसला. त्यांचा ड्रमर रिंगो स्टारपुढे लुडविगचा सेट होता, ब्लॅक ऑयस्टर पर्ल रंगाचा, 20 इंची बास ड्रम (पायाने वाजवायचा), 12 चा टॉम (त्याच्या वरचा), 14 चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा). त्यानंतर लुडविगला मागणी पुरवता पुरवेना. तो रंग आणि ते लहान साइझ आजही भाव खाऊन आहेत. त्याच काळातला, त्याच कारखान्यातला, त्याच तीन थरांच्या शेलचा 13-16-22 चा (टॉम, फ्लोअर टॉम, बास) सेट साध्या रंगात घ्या, पुष्कळ कमीत पडतो. 24 इंची बास ड्रमकडे तर लोक बघतही नाहीत, कारण गाडीत मावत नाही. मला तो आवाज आवडतो. खाली पोटात उतरतो.

रंगावरून आठवलं. शेलवर चढवलेलं पांढऱ्या मरीन पर्लचं (मोत्यासारख्या झाकेचं) आवरण धुराने आणि उन्हाने पिवळं पडतं. ते बदलू नका. नवं आवरण चढवलेला ड्रम दिसतो छान, पण त्याचं जुनेपण गेलं ते गेलं.

सेट एकदम घ्यायचा हट्ट सोडला तर पैसे आणखी पुरतात. एकटे पडलेले ड्रम असतात. बास ड्रम विकला गेला, टॉम राहिला. असा अनाथ टॉम फारसं कुणी घेत नाही. माझा एक सेट तीन ठिकाणांहून, चार वर्षांत जमला. रंग एकच, पण एकाने ऊन जास्त खाल्लंय, शेजारी ठेवले की कळतं. माझ्या दृष्टीने ते चालतं. चालत नाही ते धडधाकट सेट विकत घेऊन त्याचे सुटे भाग करून विकणं. लग वेगळे, हूप वेगळे, बॅज (कंपनीच्या नावाची पट्टी) वेगळा. साठ वर्षं एकत्र राहिलेला सेट जास्त पैशांसाठी असा उसवताना पाहिला की माझ्या पोटात कालवतं. असा माल मी घेत नाही, स्वस्त मिळाला तरी. एखाद्या मोडक्या ड्रमचे लग दुसऱ्याला जगवायला वापरले, ती गोष्ट निराळी.

आवाजाला लागणारी खोट कशी ओळखायची हे मी पैसे घालवून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत फोटो बघून एक फ्लोअर टॉम मागवला. स्पार्कलचं आवरण असं की नजर हटेना. विकणाऱ्याला दोनदा विचारलं, दोनदा उत्तर आलं, सगळं ठीक आहे. घरी आल्यावर हेड बसेचना. पट्टीने मोजलं तर एका बाजूचा व्यास काटकोनातल्या व्यासापेक्षा चांगला 5 मिलिमीटर कमी. शेल लंबगोल झाला होता. सहा महिन्यांची बचत होती ती. तो टॉम कधीच नीट लागला नाही, प्रत्येक ठोक्यानंतर सूर डगमगत राहायचा.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. हेड काढल्याशिवाय ड्रम घेत नाही. शेल सपाट काचेवर ठेवायचा, खोलीतला दिवा घालवायचा, आत टॉर्च लावून ठेवायचा आणि डोळा काचेच्या पातळीला आणून कडेने एक फेरी मारायची. कड सपाट असेल तर अंधार. जिथून उजेडाची रेघ डोकावते तिथे खोट. मग नवीन हेड हूपशिवाय वर ठेवून बोटाने फिरवायचं, ते अडखळता कामा नये. प्रत्येक टेन्शन रॉड (हेड ताणणारा स्क्रू) हाताने शेवटपर्यंत जातो का बघायचं. लग ओतीव जस्ताचे असतात, आटा झिजलेला असला किंवा बारीक तडा असला तर तसाच जोडीदार लग शोधत वर्ष जातं. शेलमध्ये कारण नसलेलं भोक असेल तर का पाडलं ते विचारायचं. जास्तीच्या भोकाने आवाज फारसा बिघडत नाही, भाव मात्र पडतो. म्हणजे आपल्या फायद्याचं.

जुन्या कडा गोलसर असतात, त्यांना खोट समजू नका. सरसकट 45 अंशात धारदार कापून देणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा. त्या गोलाईतच जुना ऊबदार आवाज आहे, आणि एकदा कापलेलं लाकूड परत येत नाही.

बॅजवरच्या नंबरवरून साल काढू नका. लुडविगचे बॅज क्रमाने लागलेच नाहीत, हाताला येईल तो लावला जाई. शेलच्या आत तारखेचा शिक्का असला तर त्यावर जास्त भरवसा ठेवा.

इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीबद्दल एक सावधगिरी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतचे त्यांचे शेल आजच्या मापापेक्षा किंचित मोठे आहेत, नेहमीचं हेड चढत नाही. ड्रम सुंदर, बांधणी पक्की, आणि म्हणूनच स्वस्त मिळाला की मोह होतो. त्या मापाचं हेड मिळणार असेल तरच घ्या. बऱ्याच अमेरिकी ड्रमना 12-24 मापाच्या आट्याचे रॉड लागतात, तेही युरोपातल्या जुन्या ड्रमला बसतील असं गृहीत धरू नका.

आणि जपानी सेट. साठच्या दशकात जपानमधल्या कारखान्यांनी आयात करणाऱ्यांच्या नावाचे बॅज लावून ढिगाने सेट पाठवले. शेल पातळ, लुआनच्या लाकडाचे, स्टँड डुगडुगणारे, कडा कारखान्यातूनच ओबडधोबड. जाणकार त्यांना नाक मुरडतात. मला हे पटत नाही. याच धंद्यात हात बसलेल्या होशिनो कंपनीने 1974 मध्ये टामा हे ड्रमचं नाव आणलं, पर्ल ही कंपनीही याच मुशीतून वर आली. या सेटच्या कडा घासून सपाट करा (इथे मी कापायला हो म्हणतो, मुळात जपण्यासारखं काही नसतं), लगमधल्या स्प्रिंगभोवती कापूस भरा म्हणजे खडखड थांबते, स्टँड आजचे वापरा. जाडसर हेड लावून खालच्या सुरात उतरवला की बास ड्रम असा गोल, कोरडा बोलतो की ऐकणारा आधी बॅज बघायला वाकतो.

गंजासाठी महागडं काही घेऊ नका. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून क्रोमच्या हूपवर हलक्या हाताने घासा. तांबूस पाणी उतरतं आणि खालून चमक येते. कोरडं मात्र लगेच करा. फोड आलेल्या सुप्राफोनिकवर हा प्रयोग अजिबात नको, उरलंसुरलं क्रोम निघून येईल.

सध्या मला पिवळ्या पडलेल्या मरीन पर्लमधला 13 इंची टॉम हवा आहे, एकटा पडलेला. ओरखडे चालतील, आवरणाचा जोड सुटलेला चालेल, बॅज नसला तरी चालेल. कुणाकडे असेल तर फोटो पाठवा, पण हेड काढून, कडेचा.