पल्सार, आई आणि मेन स्विच

न सापडलेल्या पल्सारांचा, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या गरगरणाऱ्या अवशेषांचा, शोध जगात जिथे जिथे चालू आहे, त्या ठिकाणांत खारघरचा आमचा टू बीएचकेही येतो, हे सोसायटीत कुणाला ठाऊक नाही. वॉचमनला तेवढा संशय आहे. रात्री तीन वाजता आमच्या आतल्या खोलीतून घरघर ऐकू येते, असं त्याने सेक्रेटरींच्या कानावर घातलं. त्यातली निम्मी घरघर माझी, असं बायकोचं म्हणणं. उरलेली कॉम्प्युटरच्या पंख्याची, याबद्दल मात्र दुमत नाही.

भानगड अशी आहे. दुर्बिणींनी गोळा केलेली माहिती शास्त्रज्ञांकडे ढिगाने साठते आणि ती चाळायला लागणारे महासंगणक काही सगळ्यांच्या नशिबी नसतात. मग त्या माहितीचे बारीक तुकडे करायचे आणि जगभरातल्या रिकामटेकड्या घरगुती कॉम्प्युटरांना वाटून द्यायचे. ते फुरसतीत आकडेमोड करतात आणि उत्तर परत पाठवतात. पैसे मिळत नाहीत. रिकामटेकडा कॉम्प्युटर असतो, मालक नव्हे, हा खुलासा मी घरी वारंवार केला आहे. तो अजून मंजूर झालेला नाही.

मला हे व्यसन लागलं सेटीमुळे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठाने 17 मे 1999 ला ‘सेटी ॲट होम’ सुरू केलं. पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या अवाढव्य दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींत परग्रहावरचं कुणी बोलतंय का, हे घरोघरचे कॉम्प्युटर तपासायचे. 107 सेकंदांच्या नोंदीचा एक तुकडा यायचा, साधारण साडेतीनशे केबीचा. डायल-अपवर तो उतरत असताना घरचा फोन एंगेज लागायचा आणि सासरेबुवांची खात्री पटायची की जावई मुद्दाम रिसीव्हर बाजूला काढून ठेवतो. पन्नास लाखांहून जास्त माणसांनी या कामाला हातभार लावला. पलीकडून कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी 31 मार्च 2020 ला बर्कलीने नवं काम वाटणं थांबवलं. म्हणजे ऐन टाळेबंदीत, जेव्हा अख्खं जग घरात बसून होतं आणि घराबाहेरच्या कुणाचा तरी आवाज ऐकू यावा असं प्रत्येकाला वाटत होतं, तेव्हा.

मधल्या काळात मी हवामानाकडेही वळून आलो. ऑक्सफर्डवाल्यांनी 2003 मध्ये हवामानाचं एक मॉडेल लोकांच्या कॉम्प्युटरवर चालवायला दिलं होतं. सुरुवातीच्या एका टास्कमध्ये, म्हणजे वाटून दिलेल्या कामाच्या एका तुकड्यात, पृथ्वीची 45 वर्षं असायची, तीही पंधरा-पंधरा वर्षांच्या तीन टप्प्यांत. 2006 मध्ये बीबीसीबरोबरच्या प्रयोगात तर 1920 पासून 2080 पर्यंत, सलग 160 वर्षं. ही टास्कं महिनोन् महिने चालत. मे महिन्यात खारघरच्या उकाड्यात, पडदे ओढून, पंखा पाचवर ठेवून, मी पृथ्वीचं तापमान पुढे किती वाढणार ते मोजत बसायचो आणि खोलीचं तापमान आत्ताच वाढायचं. बायको दारात उभी राहून म्हणायची, “अहो, तुमच्या पृथ्वीचं राहू द्या, इथे पापड वाळतील.” एकदा तिने खरंच सांडग्यांचं ताट सीपीयूच्या मागे नेऊन ठेवलं. सांडगे उत्तम वाळले. विज्ञानाचा तेवढा एक फायदा आमच्या घरात एकमताने मान्य आहे.

सध्या मुक्काम ‘आइनस्टाइन ॲट होम’मध्ये आहे. हे 2005 पासून चालू आहे. इथे शोधायचे ते पल्सार. 2010 मध्ये अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एका गृहस्थांच्या कॉम्प्युटरने असा एक पल्सार पकडला, सेकंदाला 41 गिरक्या घेणारा. ‘सायन्स’ मासिकाने… चुकलो, ते साप्ताहिक आहे, तर त्या साप्ताहिकाने तो छापला. ही हकिकत मी जेवताना मोठ्या उमेदीने सांगितली. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या दांपत्यातली बाई आवडीने करत होती, की नुसतं लाइटबिल भरत होती?”

लाइटबिल हा आमच्या घरातला खरा खगोलशास्त्रीय आकडा आहे. आमच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर कोअर टू ड्युओ, एकटा 65 वॅट खाणारा. बाकीचं धरून शंभरेक वॅट म्हणा. चोवीस तास चालवला तर दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. तीनशे युनिटांच्या पुढे गेलं की दर चढतो, ही सीमारेषा बायकोला सीमाप्रश्नापेक्षा जास्त चांगली माहीत आहे. बिल आलं की ती तारीख, नाव, पत्ता काही बघत नाही, थेट युनिटांवर बोट ठेवते आणि मग ते बोट हळूहळू माझ्या दिशेने वळतं.

कॉम्प्युटर घेतला होता मुलाच्या दहावीला. मुलगा पुढे इंजिनीअर झाला, नोकरीला लागला. कॉम्प्युटर अजून दहावीतच आहे. आणि इथून आमच्या दुखण्याला सुरुवात होते, कारण या टास्कना मुदत असते. आइनस्टाइनवाले 14 दिवस देतात. धडधाकट कॉम्प्युटर तेच काम काही तासांत उरकतो. आमचा सुरुवातीला जोमाने धावतो, नव्वदीच्या घरात गेला की त्याला विरक्ती येते. पडद्यावर ‘उरलेला वेळ’ म्हणून एक रकाना आहे. सकाळी त्यात नऊ तास दिसतात. दिवसभर राब राब राबून संध्याकाळी अकरा.

त्यात हा प्रोग्रॅम स्वभावाने संकोची. घरच्या माणसाने माउसला हात लावला की तो अदबीने बाजूला होतो, तुमचं काम होईपर्यंत थांबतो, तशी सेटिंगच आहे. आमच्याकडे माउसला सतत कुणाचा ना कुणाचा हात असतो. बायकोला उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवरच बघायचा असतो. मुलगा मोबाइल चार्जिंगला लावायला येतो आणि सवयीने माउस हलवून जातो. कामाच्या मावशी टेबल पुसताना माउसही पुसतात, तेही नीट, खालचा लाल दिवा धरून. प्रत्येक वेळी पल्सार थांबतो.

आणि आई. आईचा सिद्धांत असा की वापरात नसलेलं बटण बंद करावं आणि आकाशात वीज चमकली की मेन स्विच. स्क्रीन काळी दिसली म्हणजे कॉम्प्युटर वापरात नाही, हे तिने कोणत्याही विद्यापीठाच्या मदतीविना ठरवलेलं. वळवाच्या दिवसांत पांडवकड्याच्या डोंगरावर काळं दाटून आलं की ती आधी वाळत घातलेले कपडे काढते, मग मेन. टास्क दर थोड्या वेळाने आपली प्रगती डिस्कवर लिहून ठेवतं, त्याला चेकपॉइंट म्हणतात. वीज गेली तर शेवटच्या चेकपॉइंटपासून पुन्हा सुरुवात, त्यानंतरचं सगळं पाण्यात. आईचा हात आणि चेकपॉइंट यांची वेळ जुळल्याचं आजवर ऐकिवात नाही.

तर अशा रीतीने मुदत उलटली. मुदत उलटली की सर्व्हर, म्हणजे कामं वाटणारा त्यांचा मुख्य कॉम्प्युटर, तुमच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असं लिहितो. आयुष्यभर सरकारी टपालाला उलट टपाली उत्तर देणाऱ्या माणसाला हे दोन शब्द फार लागतात. मुलगा म्हणाला, “बाबा, ॲबॉर्ट करा ना. एक बटण आहे.” आजकालच्या मुलांना प्रत्येक गोष्टीचं एक बटण दिसतं. मी त्याला समजावलं की मुदत ही सर्व्हरची सोय असते. त्याला किती दिवस वाट बघायची हे कुठेतरी ठरवावं लागतं, एवढंच. न सुरू झालेलं काम नको असेल तर सर्व्हर ते परस्पर रद्द करू शकतो, पण सुरू झालेल्या कामाची मान सहसा मुरगळत नाही. मुदत उलटलेला निकाल ते काम दुसऱ्यांकडून पुरं होण्याआधी पोचला तर चालतो, गुणही मिळतात. त्या गुणांना कॉबलस्टोन म्हणतात, सेटीवरच्या जेफ कॉब यांच्या नावावरून. “त्यांचं काय येतं?” मुलाने विचारलं. काही येत नाही. कटिंगसुद्धा नाही. पण हे कबूल करायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी विषय मेट्रोवर नेला.

मेट्रो हा नवी मुंबईकराच्या हातातला हुकमी पत्ता आहे. बेलापूर ते पेंधर ही आमची पहिली मेट्रो. कामाचा नारळ फुटला 2011 मध्ये, पहिली गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. मधली सगळी वर्षं आम्ही उत्सव चौकातून जाताना मान वर करून रिकाम्या मार्गाकडे बघत होतो. कुणी ॲबॉर्टचं बटण दाबलं का? मग माझ्या कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय? आज बायको त्याच मेट्रोने सेंट्रल पार्कला फिरायला जाते आणि एसीचं कौतुक करते. (मुलगा म्हणाला की मेट्रोने निदान कुणाचे सांडगे वाळवले नाहीत. त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही.)

खरी गंमत पुढे आहे. एकाच कॉम्प्युटरच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, हा या लोकांचा नियम. म्हणून तेच टास्क दोन अनोळखी कॉम्प्युटरना देतात आणि दोघांची उत्तरं जुळली तरच ग्राह्य धरतात. यातल्या दुसऱ्याला विंगमन म्हणायची पद्धत आहे. मालकाला हवं तर नाव लपवता येतं, पण यंत्राची कुंडली साइटवर दिसते. माझ्या विंगमनने केव्हाच निकाल देऊन टाकला होता आणि बिचारा माझ्यासाठी खोळंबला होता. मी ‘प्रतिसाद नाही’त गेल्यावर सर्व्हरने तेच टास्क तिसऱ्या कॉम्प्युटरला दिलं. मी तिसऱ्याची कुंडली उघडली. 32 प्रोसेसर! वर ग्राफिक कार्ड, ज्याची किंमत विचारायचंही धाडस होऊ नये असं. त्याच्यापुढे आमचा दहावीतला ड्युओ. तिसऱ्याने आधी निकाल दिला असता तर त्याचं आणि विंगमनचं जुळलं असतं, आणि आमची सगळी घरघर निव्वळ खोली तापवण्यापुरती उरली असती.

त्या दिवसांत मी घरात जमावबंदी पुकारली. माउसवर रुमाल टाकला. मोदक मोबाइलवर. मावशींना सांगितलं, टेबल अस्वच्छ राहू द्या. राहिली आई. तिला पल्सार समजावण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हटलं की हे परक्या माणसाचं मोजणीचं काम मी अंगावर घेतलंय, तारीख उलटून गेली आहे, पण अर्धवट सोडवत नाही. आई जपाची वही लिहीत होती. ‘श्रीराम जय राम जय जय राम’, ओळीखाली ओळ, निळ्या शाईत. रामनवमीपर्यंत लाख पुरे करायचा तिचा संकल्प होता. रामनवमी होऊन गेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वही चालूच होती. तिने पेन खाली ठेवलं.

“मग मोडू नकोस. उशीर झाला म्हणून देव काय हजेरीपट घेऊन बसलाय?”

“देव नाही गं आई. सर्व्हर बसलाय.”

“तो कोण का असेना. त्यालाही कळत असेल.”

दुसऱ्या दिवशी मावशी झाडू मारत आत आल्या, तर आई त्यांना दटावत होती, “त्या बटणाच्या वाऱ्याला उभी राहू नकोस, तिथे जप चाललाय.” संध्याकाळी ढग गडगडले. आईने कपडे काढले, मेनकडे बघितलं, आणि देवघरात जाऊन बसली. मुलगा थक्क झाला. मी इतक्या वर्षांत घरातून मिळवलेला हा पहिला आणि एकमेव संशोधन निधी.

आणि टास्क संपलं! रकान्यात शून्य उतरलं, निकाल वर चढला, तिसऱ्याच्या आधी पोचला. मी चहा टाकायला सांगितला. बायकोने चक्क आलं घालून केला. कप हातात घेऊन साइट उघडली, तर माझ्या आणि विंगमनच्या नावापुढे एकच शेरा: ‘पडताळणी अनिर्णित’. दोघांची उत्तरं जुळत नव्हती. कुणाचं बरोबर, ते तिसऱ्याचं उत्तर आलं की ठरणार. म्हणजे ज्याने येऊ नये म्हणून मी माउसवर रुमाल टाकला, त्याचीच आता सगळ्यांनी वाट बघायची.

बघितली. बायकोही अधूनमधून विचारायची, “आला का तुमचा तो बत्तिशीवाला?” त्याचे 14 दिवस परवा संपले. नावापुढे लिहून आलं, ‘प्रतिसाद नाही’. सर्व्हरने चौथा गाठलाय.

आईला जाऊन सांगितलं, की बाई, तोही लेट झाला. एवढी दांडगी मशीन असून. आईने वहीचं पान उलटलं आणि म्हणाली, “त्याची आईपण मेन बंद करते वाटतं.”