‘बिनविरोध निवडून आले’ म्हणायचं का?

चौकात अभिनंदनाचा फलक लागला, ‘बिनविरोध निवडून आल्याबद्दल’, आणि त्यावरून कट्टा पेटला.

मास्तर म्हणाले, “एक मत पडलं नाही आणि निवडून कसे आले? फार तर ‘बिनविरोध झाले’ म्हणा.”

“कायदाच म्हणतो निवडून आले,” वकील म्हणाला. “1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम 53. जागा तेवढेच उमेदवार उरले की निवडणूक निर्णय अधिकारी त्यांना लगेच निवडून आल्याचं जाहीर करतो. 2024 ला सुरतेत तेच झालं. काँग्रेसचा अर्ज बाद, बाकीच्यांची माघार, मुकेश दलाल मतदानाआधीच खासदार!”

“मग सुरतेतल्या ज्याला ‘नोटा’, म्हणजे ‘यापैकी कोणीही नको’ हे बटण, दाबायचं होतं त्यानं काय करायचं?” मी विचारलं. मला तिथलं हेच खुपतं. 2013 पासून तो हक्क यंत्रावर आहे, पण यंत्रच बाहेर आलं नाही.

आप्पा गावाकडचे. ते उसळलेच. “तुम्हाला भावकीतली भांडणं माहीत नाहीत. निवडणूक झाली की पाच वर्षं एकमेकांच्या बांधावर कोणी जात नाही. हिवरेबाजार तीस वर्षं बिनविरोध होतं, काय बिघडलं?”

आप्पांच्या बोलण्यात तथ्य आहे. गाव खरोखर एकत्र बसून ठरवत असेल, तर तीही निवडच. पण कोण बसलं आणि कोणाला बसू दिलं नाही, हे ‘बिनविरोध’ या शब्दातून कळत नाही.

मास्तरांनी नेमकं तेच धरलं. “हिवरेबाजारात 2021 ला मतदान झालंच की! पोपटराव पवारांच्या पॅनेलनं सातही जागा घेतल्या. आता ते निवडून आले, कोणाची हरकत नाही. आणि त्याच जानेवारीत नाशिकचं उमराणे, नंदुरबारचं खोंडामळी? सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूक रद्द केली. तो लिलाव खपला असता तर फलकावर काय छापलं असतं? बिनविरोध निवडून आले!”

वकील जरा नरमला. “मग उपाय काय?”

“एकटाच उमेदवार असला तरी मतदान घ्या,” मी म्हटलं. “तो विरुद्ध नोटा. नोटाला जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक, हे आपल्याकडच्या स्थानिक निवडणुकांसाठी आयोगानं 2018 ला ठरवलेलंच आहे. फक्त एकट्या उमेदवारालाही ते लावा.”

“आणि खर्च?” आप्पा म्हणाले.

“सरपंच पाच वर्षं गावाचा पैसा खर्च करणार आहे, आप्पा. त्याच्यासाठी एक दिवसाचं मतदान महाग नाही.”

आप्पांना पटलं नाही.