हॅमर दिसला म्हणून नोकरी सोडू नकोस

शेअर ट्रेडिंगचा हा मेसेज माझ्याकडे चार वेळा आला. पहिल्या तीन वेळा मी तो न वाचताच पुढे गेलो. चौथ्यांदा तो भाच्याकडून आला आणि खाली त्यानं लिहिलं होतं, "मामा, हे बघ. सहा महिने नेटानं केलं तर नोकरीची गरजच नाही." त्याच रात्री ताईचा फोन. "तो खरंच राजीनाम्याचं बोलतोय रे. तू काहीतरी सांग त्याला." म्हणून हा खटाटोप.

ज्यांना अजून आलेला नाही त्यांच्यासाठी: एक रंगीत चित्र आहे. त्यात बारा कॅन्डल (ठरावीक वेळेतली भावाची हालचाल दाखवणारे उभे ठोकळे) काढल्यात आणि प्रत्येकीशेजारी वर किंवा खाली जाणारा बाण. मजकूर साधारण असा. चार्ट कधी खोटं बोलत नाही, त्यामुळे बातम्या आणि ताळेबंद वाचायची गरज नाही. हिरवी कॅन्डल म्हणजे खरेदीदार जास्त, लाल म्हणजे विकणारे जास्त. हे 300 वर्षांपूर्वीचं जपानी तंत्र आहे. पॅटर्न 90 टक्के अचूक. स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीपर्यंत पडला की आपोआप विकायची ऑर्डर) लावला की जोखीम संपली. रोज 2 टक्के सहज. सहा महिने सराव केला की ट्रेडिंग हेच तुमचं उत्पन्न.

मी स्वतः गेली बारा-तेरा वर्षं चार्ट बघतोय. तेव्हा "मामाला यातलं काय कळतं" हे उत्तर इथे चालणार नाही.

हिरव्या-लालपासून सुरुवात करू, कारण पहिल्याच पायरीवर पाय घसरतो तो इथे. अरे, विकणारा नसेल तर घेणारा घेणार कोणाकडून? जितके शेअर विकले गेले तितकेच घेतले गेले, एक कमी नाही की एक जास्त नाही. घाई कोणाला जास्त होती, हा प्रश्न ठीक आहे. संख्या कोणाची जास्त होती, हा प्रश्नच चुकीचा. आणि रंग त्या घाईबद्दलही खात्रीनं काही सांगत नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये हिरवा एवढंच सांगतो की त्या कालावधीत बंद भाव उघडत्या भावाच्या वर राहिला. काल शेअर 200 वर बंद झाला. आज वाईट बातमी आली, 184 वर उघडला, दिवसभर रखडत 188 वर बंद झाला. कॅन्डल हिरवीगार, आणि ज्याच्याकडे तो शेअर आहे त्याचे एका दिवसात 6 टक्के गेले. चीन-जपानकडे तर वाढीला लाल रंग वापरायची पद्धत आहे. हे चित्र तिकडे पाठवलं तर सगळे बाण उलटे व्हायचे.

आता बारा पॅटर्नकडे या. चित्रात हॅमर आहे: वर छोटी बॉडी (उघडत्या आणि बंद भावामधला ठोकळा), खाली लांब विक (ठोकळ्याबाहेरची बारीक रेघ), शेजारी वर जाणारा बाण. दोन रांगा खाली हँगिंग मॅन आहे: वर छोटी बॉडी, खाली लांब विक, शेजारी खाली जाणारा बाण. दोन्ही आकृत्या बोटानं झाकून-उघडून बघा. एकच आकृती आहे! इन्व्हर्टेड हॅमर आणि शूटिंग स्टार यांचंही तेच. फरक काय, तर आधी भाव पडत आला असेल तर पहिलं नाव आणि चढत आला असेल तर दुसरं. म्हणजे वर जाणार की खाली, हे कॅन्डल सांगत नाही. आधीचा ट्रेंड तुम्ही काय धरलात, ते सांगतं. आणि तो ट्रेंड पाच मिनिटांच्या चार्टवर चढता, तासाच्या चार्टवर पडता आणि आठवड्याच्या चार्टवर पुन्हा चढता असू शकतो. कोणता धरायचा? चित्र गप्प.

आणखी एक गोष्ट चित्रात नाही. कॅन्डल बंद होईपर्यंत ती कॅन्डल नसते. पंधरा मिनिटांची कॅन्डल अकराव्या मिनिटाला सुरेख हॅमर दिसते आणि पंधराव्या मिनिटाला लांबलचक लाल ठोकळा झालेली असते. नवशिका अकराव्या मिनिटाला घुसतो, कारण "संधी सुटेल". शिवाय कॅन्डलमध्ये असतात फक्त चार आकडे: उघडता, वरचा, खालचा, बंद. आधी वर गेला की आधी खाली, हे त्यात नसतं. उघडला 100, वर 110, खाली 95, बंद 105. तुमचा स्टॉपलॉस 96 आणि टार्गेट 109 असेल, तर त्या दिवशी तुम्ही जिंकलात की हरलात? त्या एका कॅन्डलवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण मागचे चार्ट दाखवून "बघा, टार्गेट लागलं" म्हणणारे बिनधास्त सांगतात.

तासाची कॅन्डल अर्धा तास पुढे सरकवून बघा. तोच दिवस, तेच सौदे. मघाचा हॅमर कुठे गेला ते शोधत बसाल.

जपानी तंत्राचं थोडक्यात. होम्मा मुनेहिसा नावाचा तांदळाचा व्यापारी अठराव्या शतकात खरोखर होऊन गेला, सकाता गावचा. ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) तेव्हा चालत, हेही खरं. पण आज आपण बघतो त्या कॅन्डल त्यानं काढल्याचा भक्कम पुरावा नाही. त्या बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या असाव्यात. त्याच्याबद्दल असंही सांगतात की ओसाकाचे भाव कळावेत म्हणून त्यानं सकातापर्यंत खुणा करणारी माणसं उभी केली होती. हे खरं असेल तर त्याची कमाई आकृत्यांपेक्षा इतरांच्या आधी बातमी मिळण्यातली म्हणायची. आणि आपल्याला हा मेसेज सांगतोय की बातम्या वाचू नका.

90 टक्के अचूक. कोणी मोजलं? "अचूक" म्हणजे काय? पुढची एक कॅन्डल वर गेली की पुरे, की दहा दिवसांत 5 टक्के वर जायला हवं? कुठल्या बाजारात, कुठल्या वर्षांत, दलाली वजा करून की न करता? मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही.

एका रविवारी मी भाच्याला समोर बसवलं. लॅपटॉपवर एका शेअरचा दोन वर्षांचा रोजचा चार्ट उघडला आणि उजवीकडचा सगळा भाग कोऱ्या कागदानं झाकला. कागद एकेक कॅन्डल सरकवायचा, पॅटर्न दिसला की त्यानं आधी बोलायचं, मग पुढचं बघायचं. थोड्याच वेळात तो म्हणाला, "हॅमर!" कागद सरकवला. पुढच्या तीन कॅन्डल खाली.

"मामा, हा खरा हॅमर नव्हता. विक छोटी आहे."

"किती हवी?"

"बॉडीच्या दुप्पट."

पट्टी लावून मोजली. दुपटीहून जास्त भरली.

"मग व्हॉल्यूम कमी असणार." म्हणजे त्या दिवशी झालेले सौदे.

पुढचा एक हॅमर चालला, भाव चांगला वर गेला. त्याचा व्हॉल्यूम त्यानं बघितला नाही. मीही मुद्दाम बोललो नाही. चार-पाच वेळा हे झाल्यावर तोच थांबला आणि म्हणाला, "म्हणजे जो चालला तोच हॅमर धरतोय मी." हो. तुझे 90 टक्के येतात ते असेच. व्याख्या निकालानंतर ठरवली तर 100 टक्केही येतील.

आणि समजा, 90 टक्के खरंच आहेत. नऊ वेळा शंभर-शंभर मिळाले, दहाव्या वेळी हजार गेले, कारण "आता वळेल, आता वळेल" म्हणत धरून बसलात. नऊ विजय, एक पराभव, खिशातून शंभर कमी, वर दलाली वेगळी. टक्केवारी फेकणारा माणूस जिंकण्या-हरण्याच्या आकाराबद्दल बोलत नसेल तर तो अर्धंच वाक्य बोलतोय.

आता नाइलाजानं एक कबुली. चार्टमध्ये काहीच नसतं, असं मी म्हणणार नाही. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकी शेअरच्या 1962 ते 1996 या काळातल्या भावांवर संगणकाकडून पॅटर्न शोधून घेतले आणि 2000 साली निष्कर्ष छापला: काही आकृत्यांमध्ये थोडी जादा माहिती सापडते. थोडी. तिच्यातून खर्च वजा जाता नफा उरतो, असा तो निष्कर्ष नव्हता. मलाही चार्टवरून कळतं की शेअर वर्षभरात कुठून कुठे आला, कुठल्या भावाला आधी तीनदा अडला, आज सौदे नेहमीपेक्षा किती जास्त झालेत. मला एवढं पुरतं. "सगळी माहिती भावात आलेली असते" हे चार्टवाल्यांचं नेहमीचं वाक्यही अर्धं खरं आहे, पण मग ती कॅन्डल जगातल्या लाखो लोकांना दिसतेय, तीही माहिती भावात आलीच की. तुझ्यासाठी शिल्लक काय राहिलं?

शिवाय चार्ट खोटं बोलत नसेल, पण अर्धवट बोलतो. मागे याच भाच्यानं "मामा, निम्म्यावर आलाय, घेऊ का?" म्हणून घाईघाईनं विचारलं होतं. कंपनीनं एका शेअरचे दोन केले होते, म्हणून भाव निम्मा झाला होता, आणि तो बघत होता त्या चार्टमध्ये मागचे भाव दुरुस्त केलेले नव्हते. बातम्या वाचायच्या नाहीत ना!

स्टॉपलॉसचं दोन ओळींत. तो लावावाच. पण 190 ला लावलाय आणि सकाळी शेअर 171 वर उघडला, तर तुमची सुटका 190 ला नाही, 171 च्या आसपास होते. आणि ऑर्डर ठरावीक भावाखाली विकायची नाही अशी असेल, तर होतच नाही. त्यानं जोखीम कमी होते, संपत नाही.

रोज 2 टक्के. हा हिशेब मी करून टाकतो. एक लाख रुपये, वर्षाला बाजाराचे 250 दिवस, रोज 2 टक्के. पहिल्या वर्षअखेर 1 कोटी 41 लाख. दुसऱ्या वर्षअखेर सुमारे 200 कोटी. तिसऱ्या वर्षअखेर सुमारे 28,000 कोटी. भाचा म्हणाला, "तसं रोज म्हणजे अगदी रोज नाही मामा." मग लिहिलंय कशाला रोज?

आणि आता ज्यापायी ताईला झोप नाही ते. सहा महिने सराव, मग नोकरी सोडा.

ब्राझीलमध्ये चेग, डे-लोसो आणि जोवानेत्ती या तीन अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न तपासला. मुलाखती घेऊन नव्हे, प्रत्यक्ष सौद्यांच्या नोंदींवरून. 2013 ते 2015 या काळात तिथल्या शेअर निर्देशांकाच्या वायद्यांमध्ये 19,646 जणांनी डे ट्रेडिंग (आज घेतलेलं आजच विकायचं) सुरू केलं. त्यातले 18,095 जण 300 दिवस भरण्याआधीच थांबले. उरले 1,551. म्हणजे हौशेगवशे गळून गेल्यावरचे, नेटानं टिकलेले, मेसेजच्या भाषेत "सराव केलेले". त्या 1,551 पैकी 97 टक्के लोकांनी पैसे घालवले. तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमाई 17 जणांची. बँकेतल्या कॅशियरच्या सुरुवातीच्या पगारापेक्षा जास्त कमाई 8 जणांची, आणि तीही भयंकर चढउतार सोसून. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं: दिवस वाढले तशी कामगिरी सुधारते, याचा पुरावा त्यांना सापडला नाही.

पोहायला शिकताना पाणी बदलत नाही. टायपिंग शिकताना अक्षरं जागा सोडत नाहीत. इथे समोर बसलेला दुसरा माणूसही शिकतोय, त्याच्याकडे संगणक वेगवान आहे, आणि तुमच्या प्रत्येक फेरीमागे दलाली कापली जातेय. सहा महिन्यांत तुम्हाला बटणं पटापट दाबता येतील, हे मात्र मान्य.

ब्राझील लांब वाटत असेल तर आपल्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा 2024 चा अहवाल बघा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स (वायद्यांचे सौदे) करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख.

हे सगळं भाच्याला पाठवलं. रात्री उत्तर आलं, "पण मामा, 17 जण जिंकलेच ना?"

जिंकले. मी त्याला विचारलं, तू त्या सतरांतला आहेस हे तुला कशावरून कळणार आणि कधी? त्यावर अजून उत्तर नाही. सध्या नोकरी चालू आहे. एक वही घेतलीय त्यानं. कागद सरकवण्याआधी पॅटर्नचं नाव, खरेदीचा भाव आणि स्टॉपलॉस लिहायचा, मग निकाल, खाडाखोड करायची नाही. पहिल्या पानावर अकरा नोंदी आहेत. "90 टक्के" हा शब्द ताईकडे परत काढलेला नाही, असं ती म्हणते.